हात धुवून जवळ जा

फोन आला तेव्हा शाळेत खिचडीचं वाटप चाललं होतं. ताटल्यांच्या खणखणाटात आक्काचं बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून मी व्हरांड्याच्या टोकाला गेले. "अलके, तुझे दाजी गेले गं," ती म्हणाली. अशा वेळी धाकट्या बहिणीनं काय बोलायचं असतं ते काही कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या तोंडून मात्र एकच प्रश्न निघाला, "ऋतुजा पोचली होती का?" आक्काला वाटलं, मी मातीच्या वेळेचं विचारतेय. "न्हाई अजून. आत्ता निघून राह्यली. ती येईपर्यंत ठेवू," ती म्हणाली आणि तिला हुंदका आला. मी तशीच भिंतीला टेकून उभी राहिले. मला रडू आलं नाही. खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली. ऋतुजा म्हणजे भास्करदाजींची एकुलती एक लेक, संभाजीनगरला हॉस्टेलवर राहून फार्मसी शिकते. बाप-लेकीत एक बोलणं कित्येक वर्षं अडून राहिलेलं होतं, आणि ते का अडलं हे अख्ख्या गोतावळ्यात फक्त मला ठाऊक होतं. तेही तीनच दिवसांपासून. रविवारी ऋतुजा घरी आली की दाजी स्वतःच सांगणार होते. पण ते शुक्रवारीच गेले.

आता दीड महिना झाला. हे लिही असं आक्कानंच मला सांगितलं. "तू आमच्यासमोर बोललीस, तेवढ्यानं भागत न्हाई. लोकं अजून त्यांना नावं ठेवून राह्यले," म्हणाली. लोकं म्हणजे कोण, हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. त्या लोकांत सगळ्यात पुढे मीच होते.

दाजी मूळचे तीर्थपुरीकडचे. थोरल्या भावानं शेती सांभाळली आणि हे जालन्याला आले. आक्काशी लग्न झालं तेव्हा एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या एका कंपनीत लागलेले होते. बियाण्याला कीड-बुरशी लागू नये म्हणून औषध चोळतात आणि कुणी ते चुकून खाऊ नये म्हणून त्यात रंग घालतात, त्या मशीनवर त्यांचं काम. पेरणीच्या आधीचे दोन-तीन महिने तर घरी नुसते झोपायला यायचे. हात कोपरापर्यंत गुलाबी, नखांच्या कडा तर बारा महिने गुलाबी. मी पडले मेहुणी. मेहुणीच्या जिभेला हाड नसतं, आणि माझ्या तर नव्हतंच. लग्नकार्यात, चार माणसांत मी हमखास विचारायची, "काय दाजी, हळद दुसऱ्याची अन् मेंदी तुमची?" तेही कमी नव्हते. "तुमच्या बहिणीचं काम हाये मास्तरीणबाई. मी झोपलो की लावती," म्हणायचे. मी तेव्हा डी.एड. करत होते, नोकरी लागायची होती, पण त्यांनी मला आधीच मास्तरीण करून टाकलं होतं.

ऋतुजा झाली आणि हा माणूस खुळावला. घरात पाऊल टाकलं की डबा एका बाजूला, टोपी एका बाजूला आणि पोरगी कडेवर. दुधात भाकरी कुस्करून तिला भरवायची ती त्यांनीच. आक्कानं भरवली तर पोरगी तोंड फिरवायची. मोटरसायकलच्या टाकीवर पुढे बसवून एमआयडीसीच्या रस्त्यानं चक्कर मारल्याशिवाय ती झोपायची नाही. आमची आई म्हणायची, "जावई हाय का दाई?" हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि तरी पुढं मी ते विसरले. तेच मला सगळ्यात जास्त लागून राहिलंय.

ऋतुजा चार वर्षांची असताना तिचा ताप हटेना. पाय दुखतात म्हणून रडायची, उचलून घ्या म्हणायची. अंगावर कुठं आपटलं नसतानाही निळे-काळे डाग दिसायला लागले. गावाकडच्यांनी नजर उतरवली, जालन्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि तेव्हाच्या औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगायला बोलावलं तेव्हा दाजी, आक्का आणि 'घरातली शिकलेली' म्हणून मी, असे तिघं गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या, घाईत नव्हत्या. आधी त्यांनी आक्काकडे पाहिलं, कारण आक्कानं विचारलं होतं की हे माझ्या माहेरकडून आलं का सासरकडून. त्या म्हणाल्या, "कुणाकडूनच नाही. हा बदल तुमच्या दोघांच्या रक्तात नाहीच. रक्त तयार करणाऱ्या एका पेशीत तो झालाय, बहुतेक मुलगी पोटात असतानाच. असा बदल घेऊन बरीच मुलं जन्माला येतात. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात काहीही होत नाही, त्यांना कळतही नाही. एखाद्या मुलाच्या बाबतीत पुढं केव्हातरी त्याच पेशींमध्ये दुसरा बदल होतो, आणि मग आजार सुरू होतो."

आक्कानं सुस्कारा सोडला. दोन्ही घराण्यांवरचं बालंट टळलं होतं. दाजींनी मात्र विचारलं, "दुसरा कशानं होतो?"

"नेमकं कुणी सांगू शकत नाही. पेशी सारख्या नव्या तयार होत असतात, त्यात चूक होते. तुम्ही काही केलं म्हणून झालं किंवा केलं नाही म्हणून झालं, असं मनात आणू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग औषधं किती वर्षं चालतील, केस जातील, पुन्हा येतील, पोर बरी व्हायची आशा चांगली आहे, असं बरंच सांगितलं. उठताना म्हणाल्या, "आता तिची ताकद कमी होणार. साधा जंतूही सोसणार नाही. हात धुवून जवळ जा." आम्ही तिघांनी माना डोलावल्या. मला सगळं समजलं होतं. परत येताना बसस्टँडवर मी आक्काला ते पुन्हा सोपं करून सांगितलंदेखील. दाजी आमच्यामागून चालत होते. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले होते, हे मला आता आठवतं. की आता आठवावंसं वाटतं... कोण जाणे.

त्या दिवसापासून दाजींनी ऋतुजाला हात लावला नाही.

पहिले काही महिने कुणाच्या लक्षातही आलं नाही. दवाखान्यातल्या वॉर्डात बायाच जास्त असायच्या, पुरुष बाहेर. दाजी पैशाच्या मागं, औषधांच्या मागं, रक्त देणारे गोळा करायच्या मागं पळत होते. आक्का एकदा म्हणाली, ही नोकरी सोडा, दुसरं काही बघा. तर म्हणाले, "हा खर्चा दुसरीकडून भागंल का?" ते बरोबरच होतं. मग घरी आल्यावर बाहेरच्या नळावर अंघोळ सुरू झाली. थंडी असो, पाऊस असो, कामावरचे कपडे बाहेर काढून, हात घासून घासूनच माणूस आत यायचा. त्यांचं ताट वेगळं झालं, पाण्याचा तांब्या वेगळा झाला. बसमध्ये आक्का आणि पोरगी एका बाकावर, हे मागच्या बाकावर. आम्ही म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय ना जपायला, जपतात बिचारे.

पण औषधं संपली. केस आले, दाट आणि कुरळे आले. डॉक्टरबाईंनी पाठीवर थाप मारून सांगितलं, आता शाळेत पाठवा, खेळू द्या, हिला काही झालेलं नाही असं समजा. आणि तरी दाजी लांबच! पोरगी पप्पा म्हणून धावत गेली की हे आक्काला हाक मारणार, "हिला घे गं." दोन-चार वेळा तसं झालं आणि मग ती धावायची थांबली. मुलांना फार वेळा सांगावं लागत नाही. दाजींची बदली मशीनवरून गोदामात झाली, नखांवरचा रंगही फिकट झाला, पण नळावरची अंघोळ आणि वेगळं ताट सुटलं नाही. आता लोक बोलायला लागले. पोरगी म्हणून नको झाली. आजारी पोरगी, हिच्याशी लग्न कोण करणार, म्हणून बापानं माया तोडली. दुसरं मूल होऊ दिलं नाही त्याचाही अर्थ लोकांनी लावलाच. आमच्या आईनं 'जावई दगड निघाला' म्हटलं आणि मी ते उचलून धरलं. 'दगड' हे नाव मीच सगळीकडे फिरवलं. एकदा दिवाळीत मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, "दाजी, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला तर तुमचं काय झिजंल?" ते जेवत होते. घास हातातच राहिला. मग म्हणाले, "जेवा मास्तरीणबाई, भाकरी गार होऊन राह्यली." मला वाटलं, गेंड्याची कातडी आहे.

दहावीला ऋतुजा शाळेत पहिली आली. पेढे घेऊन मी गेले होते, शेजारपाजार जमला होता. पोरगी देवाच्या पाया पडली, आईच्या, माझ्या, आणि मग दाजींच्या पुढ्यात वाकली. तिचे हात पायाला लागणार एवढ्यात हा माणूस दोन पावलं मागे सरला. भिंतीला जाऊन चिकटला म्हणा ना. दोन्ही हात पाठीमागे. "सुखी राहा, सुखी राहा," एवढंच तोंडातल्या तोंडात. ऋतुजा वाकलेली तशीच क्षणभर राहिली, मग सरळ झाली, आत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. त्या दिवशी घरातून निघताना मी दाजींचा निरोपसुद्धा घेतला नाही. पुढं कितीतरी दिवस मी तो किस्सा शाळेत, नातेवाइकांत, बसमध्ये भेटेल त्याला सांगत होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

यंदा दाजींच्या छातीचं दुखणं बळावलं. गोदामातलं काम आधीच सुटलं होतं. जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी मंगळवारी शाळा सुटल्यावर भेटायला गेले. खरं सांगायचं तर आक्काला डबा द्यायला गेले. आक्का घरी अंघोळीला गेली होती, म्हणून त्यांच्यापाशी बसावं लागलं. मी मोसंबी सोलायला घेतली. बऱ्याच वेळानं त्यांनी चादरीखालून हात बाहेर काढले आणि माझ्यापुढे धरले.

"बघा बरं मास्तरीणबाई... गेलं का?"

"काय गेलं का?"

"रंग. मला तर दिसून न्हाई राह्यला. पण माझी नजर आता काय बराबर न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "आता हात लावला तर चालंल का तिला? रविवारी येऊन राह्यली ती."

मला खरंच कळेना. मी म्हटलं, कुणाला, काय? त्यांना दम लागत होता. थांबत थांबत त्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना, बदल दोन होतात म्हणून. पहिला पोटात झाला, तो देवानं केला, त्यावर आपला काय इलाज? पण दुसरा? "दुसरा म्या केला. ह्याच हातानं दूध-भाकर चारली तिला. बाकीच्यांच्या लेकरांत पहिला होतो अन् झोपून राहतो, बाईच म्हनल्या. हिचा म्या उठवला. अन् मंग म्हनल्या, हात धुवून जवळ जा. माझ्याकडंच बघून म्हनल्या."

"अहो दाजी, ते सगळ्यांनाच सांगतात! मलापण सांगितलं, आक्कालापण सांगितलं. जंतू लागू नयेत म्हणून. नर्सबाईपण हात धुवूनच हात लावायची की तिला!"

ते हसले. इतक्या वर्षांनी मी त्यांना हसताना पाहिलं. "तुमचे हात खडूचे, बाई," म्हणाले.

माझ्या हातातली मोसंबी तशीच राहिली. मी त्यांना दवाखान्यातलं ते सगळं बोलणं पुन्हा सांगितलं, माझ्या पाचवीच्या वर्गाला सांगावं तसं. दुसरा बदलही आपोआपच होतो, पेशींची चूक असते, तुमच्या भाकरीनं झालं असं जगातला कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. आणि झालं ते झालं, पोरगी बरी होऊनही किती वर्षं झाली. "चालेल दाजी," मी म्हटलं, "हात लावा. केव्हाही चालत होतं."

बोलून गेले आणि त्यांचा चेहरा पाहिला. तो मला मरेपर्यंत दिसत राहणार. मी त्यांना निर्दोष ठरवत होते आणि त्याच तोंडानं त्यांची सगळी वर्षं हिसकावून घेत होते. "केव्हाही?" त्यांनी विचारलं. "मंग म्या हे काय केलं हो, इतके वर्ष?" थोड्या वेळानं ते म्हणाले, "तिला तुमी सांगू नका. तुमच्या आक्कालाबी न्हाई. रविवारी मीच सांगतो. मला लाज वाटून राह्यली, पण मीच सांगतो." त्यांना लाज वाटत होती, आणि मी त्यांना दगड म्हणत फिरले होते. मी मोसंबीच्या फोडी त्यांच्या उशाशी ठेवल्या आणि निघाले. जाताना त्यांच्या हातांना मी तरी हात लावायला हवा होता. तेवढंही सुचलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ऋतुजा पोचली तेव्हा अंगणात दाजींना अंघोळ घालून ठेवलं होतं. बायांनी वाट करून दिली. कुणीतरी म्हणालं, "ये बाई, बापाला पाणी पाज." तिनं चमच्यानं पाणी घातलं, तेही वरून, ओठाला चमचा लागू न देता. मग दोन पावलं मागे सरली आणि लांबूनच जमिनीला डोकं टेकवलं. मागं कुजबुज झाली, "पोरगीबी बापावरच गेली." मी तिथंच होते, तिच्यापासून हाताच्या अंतरावर. मला ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण चार माणसांत, मयतासमोर, आत्ता कसं बोलू... त्यांनी सांगू नका म्हटलंय... असं माझ्या मनात चाललं होतं, आणि तेवढ्यात तिरडी उचलली. ज्या तोंडाला आयुष्यात कधी कुलूप लागलं नाही, ते नेमकं तेव्हाच बंद राहिलं.

दहावा झाला, पाहुणे पांगले. दुपारी घरात आम्ही तिघीच उरलो. आक्का तांदूळ निवडत होती. ऋतुजा बॅग भरत होती, दुसऱ्या दिवशी परीक्षेला जायचं होतं. मी तेव्हा सांगितलं, पहिल्यापासून. दवाखान्यातलं, दूध-भाकरीचं, दुसऱ्या बदलाचं, 'माझ्याकडंच बघून म्हनल्या' हेही. आक्काचे हात सुपात थांबले. ऋतुजा ऐकत होती, तोंडावर काही नाही. संपल्यावर म्हणाली, "मला वाटायचं, त्यांना माझी किळस येते. दवाखान्यात मी सारखी ओकायची ना, तेव्हापासून."

"मावशी, मी त्या दिवशीपण त्यांना हात लावला नाही," ती म्हणाली. "पायालासुद्धा नाही. मला वाटलं, आवडायचं नाही त्यांना."

मी मान खाली घातली. मला कधीपासून माहीत होतं, हे तिनं विचारलं नाही. तेवढी तरी दया तिनं माझ्यावर केली.

मग तिनं आईला विचारलं, "मम्मी, कसे होते त्यांचे हात? मला त्या आधीचं काहीच आठवत नाही गं."

आक्का उठली, बाहेर नळापाशी गेली आणि कुंपणाच्या भिंतीतल्या कोनाड्यातून वजरी घेऊन आली. बाया टाचा घासतात ती, भाजक्या मातीची. दाजी तिनं हात घासायचे, हे मला तेव्हाच कळलं. घासून घासून तिचे काटे गेले होते, फक्त एका कडेला थोडे उरले होते. आक्कानं ऋतुजाचा तळहात पुढे ओढला आणि ती उरलेली कड त्यावरून हळूच फिरवली.

"असे होते," ती म्हणाली.

ऋतुजानं ती वजरी आईच्या हातातून घेतली आणि आपल्या गालाला लावली. मी चहा ठेवायच्या निमित्तानं उठले. तिथं बसून बघायचा मला काही हक्क नव्हता.